अमिग्डलॉइडल: दगडातला, घशातला आणि मेंदूतला बदाम

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

सह्याद्रीवरचा कुठलाही इंग्रजी भूशास्त्रीय अहवाल उघडा. धरणाच्या पायाचा असो, बोगद्याचा असो, नाहीतर लेण्यांच्या गळतीचा, 'अमिग्डलॉइडल बेसाल्ट' (बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला काळा पाषाण) त्यात भेटणारच. शब्द असा की पहिल्यांदा वाचताना जिभेची गाठ बसते. अर्थ मात्र अगदीच घरगुती: बदामासारखा.

ग्रीकमध्ये 'अमिग्डाले' म्हणजे बदाम. त्याला '-ओइदेस' हा प्रत्यय लागला. त्याच्या मुळाशी 'एइदोस' आहे, म्हणजे रूप, आकार. हाच प्रत्यय इंग्रजीत '-ऑइड' होऊन जागोजागी दिसतो. अँड्रॉइड म्हणजे माणसासारखा, अ‍ॅस्टेरॉइड ताऱ्यासारखा दिसणारा, आणि खांद्याचा डेल्टॉइड स्नायू डेल्टा या त्रिकोणी ग्रीक अक्षरासारखा. इथवर आपला 'अमिग्डलॉइड' झाला. पण इंग्रजीचं तेवढ्यावर भागलं नाही. भूशास्त्रज्ञ त्या दगडालाच नाम म्हणून 'अमिग्डलॉइड' म्हणायला लागले होते, त्यामुळे विशेषणाला वेगळं रूप सोयीचं पडलं आणि मागे लॅटिन वळणाचा '-अल' चिकटला. ग्रीक धोतरावर लॅटिन कोट.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. 'आमंड' आणि 'अमिग्डलॉइडल' हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. ग्रीकमधून लॅटिनमध्ये 'अमिग्डला' गेला. लोकांच्या तोंडी घासत घासत त्याचा 'अमांदुला' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'अलमांद', आणि तिथून तो इंग्रजीत आला. मध्येच हा 'ल' कुठून घुसला? अरबीत नामाआधी 'अल्' लागतो आणि अरबीतून आलेले बरेच शब्द युरोपात तो 'अल्' घेऊनच वावरत होते. त्या गर्दीत बदामालाही लोकांनी अरबी समजून 'अल्' बहाल केला, असं कोशकार सांगतात. स्पॅनिशमध्ये म्हणूनच 'अलमेंद्रा' आहे. फ्रेंचांनी पुढे तो 'ल' टाकून दिला. इंग्रजांनी लिहायला ठेवला आणि बोलताना बहुतेकांनी गिळला.

म्हणजे एक शब्द बाजारातून चालत आला, दुसरा पंडितांनी थेट ग्रंथातून उचलून आणला. आपल्याकडे 'क्षेत्र' आणि 'शेत' जसे नांदतात तसे हे दोघे. इंग्रज माणसाला मात्र ते नातं दिसत नाही, कारण दोघांच्या तोंडवळ्यात काहीच साम्य उरलेलं नाही.

जर्मन लोक मात्र सरळ 'मांडेलश्टाइन' म्हणतात. बदामदगड! विषय संपला.

तर प्रश्न दोन. एक, दगडाचं वर्णन करायला बदामच का सुचला? दोन, मराठीत याला काय म्हणावं?

---

कातळकडा

वा, माझ्या पोटापाण्याच्या शब्दावर धागा! पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

लाव्हा वर येतो तेव्हा त्यात वायू विरघळलेले असतात. दाब कमी झाला की त्यांचे बुडबुडे होतात आणि वर निघतात. लाव्हा थिजत आला की ते अडकतात. लाव्हा अजून थोडा सरकत असेल तर गोल बुडबुडा ताणला जातो, लांबट आणि चपटा होतो, कधी एका टोकाला निमुळताही. नंतर हजारो, लाखो वर्षं खडकात फिरणारं खनिजयुक्त पाणी त्या पोकळीत शिरतं आणि भिंतीवर थर चढवत जातं. शेवटी काळ्या दगडात पांढरे, गुलाबी, हिरवट दाणे बसवल्यासारखे दिसतात. दगड फोडला की एखादा दाणा अख्खा निसटून हातात येतो आणि मागे गुळगुळीत खळगा राहतो. सोललेल्या बदामाची आठवण होणं साहजिक आहे.

पोकळी रिकामी असेल तर खडक 'व्हेसिक्युलर', भरली असेल तर 'अमिग्डलॉइडल'. आतल्या दाण्याला 'अमिग्ड्यूल' म्हणतात, म्हणजे चिमुकला बदाम.

दख्खनच्या लाव्ह्याचं वय साधारण ६.६ कोटी वर्षं आणि आज उरलेला पसारा सुमारे ५ लाख चौ. किमी. या दाण्यांमध्ये कॅल्साइट, क्वार्ट्‌झ, अकीक तर असतोच, पण आपली खरी ख्याती झिओलाइट गटातल्या खनिजांची. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. सोबत अपोफिलाइट, पण तो झिओलाइट नव्हे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांच्या कपाटात आहे. त्या नावात ना ग्रीक ना लॅटिन: कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडली, झालं नाव. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे सगळं एका छपराखाली बघायला मिळतं.

व्युत्पत्तीच निघाली आहे म्हणून: 'झिओलाइट' हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिलं. फुंकनळीच्या ज्योतीत धरल्यावर ते खनिज उकळल्यासारखं फसफसलं, म्हणून ग्रीक 'झेओ', उकळणे, आणि 'लिथोस', दगड. 'स्कोलेसाइट' तर ज्योतीत किड्यासारखा वळतो म्हणून 'स्कोलेक्स', म्हणजे किडा.

आणि दख्खनच्या या लाव्ह्याच्या थरांना इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हाही आकाराचाच शब्द. स्वीडिशमध्ये 'ट्राप्पा' म्हणजे जिना. घाटातून डोंगराकडे पाहिलंत की पायऱ्या दिसतातच.

---

किलवरची राणी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'बदामाकृती' म्हणू नका हो! मराठी माणसाला बदामाचा आकार म्हणजे पत्त्यातला बदाम. 'बदाम सात' खेळून मोठी झालेली पिढी आहे ही. लग्नाच्या अल्बमवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर, केकवर जो काढतात तो आमचा बदाम. मध्ये खाच, खाली टोक. तुम्ही पोरांना 'बदामाकृती पोकळ्या' शिकवाल आणि ती वहीत लाल दिल काढून आणतील.

---

बोरूबहाद्दर

राणीसाहेब, अगदी नेमकं पकडलंत. बादाम हा फारसीतून आलेला, पण आकाराचं माप म्हणून तो आपल्याकडे पत्त्यांच्या जोडात जाऊन बसला. इंग्रजी वनस्पतिशास्त्रात त्या आकाराला 'कॉर्डेट' म्हणतात, लॅटिन 'कोर' म्हणजे हृदय यावरून. म्हणजे त्यांचं हृदय तो आपला बदाम, आणि त्यांचा बदाम... त्याला आपल्याकडे जागाच नाही.

चरकसंहितेत सुक्यामेव्याच्या यादीत 'वाताम' आहे. मध्यकाळातल्या फारसीत शब्द 'वादाम' असा होता. दोन्ही शेजारी ठेवले तर ओळख पटवून द्यावी लागत नाही.

---

नाडीपरीक्षा

कान-नाक-घसा माझा प्रांत, तेव्हा घशातला बदाम मी दाखवते.

टॉन्सिलना अरबी वैद्य 'अल्-लौझतान' म्हणत, दोन बदाम. आ वासून आरशात पाहिलंत तर पडजिभेच्या दोन्ही बाजूंना खरंच बदाम ठेवल्यासारखे दिसतात, वरून खळगे खळगे असलेले. मध्ययुगात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये उतरवले गेले तेव्हा या दोन बदामांचे 'अमिग्डले' झाले. गंमत बघा, मूळ शब्द ग्रीक, पण घशातला हा अर्थ अरबी वाटेने आला. जुने ग्रीक वैद्य टॉन्सिलना वेगळ्याच नावाने ओळखत.

आजही स्पॅनिशमध्ये टॉन्सिल म्हणजे 'अमिग्दालास', फ्रेंचमध्ये 'अमिग्दाल'. खायचा बदाम तिथे वेगळा: 'अलमेंद्रा', 'आमांद'. म्हणजे धाग्यात म्हटलेली ग्रंथातली आणि बाजारातली जोडी तिकडे रोजच्या बोलण्यात आहे. आई पोराला बदाम चारते 'आमांद' म्हणून आणि डॉक्टरकडे नेते 'अमिग्दाल' सुजले म्हणून.

मेंदूतला अमिग्डला जरा नंतरचा. कार्ल फ्रीडरिख बुर्डाख या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कानशिलामागच्या भागात खोलवर असलेल्या एका पुंजक्याला ते नाव दिलं. भीती आणि धोका ओळखण्याशी संबंधित म्हणून आता तो वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतूनही फिरतो. पण मूळ नाव त्याने ज्या भागाला दिलं होतं तो आजच्या अमिग्डलाचा एक हिस्सा. पुढच्या लोकांनी शेजारची केंद्रंही त्याच नावाखाली घेतली. सगळं मिळून आता बदामासारखं दिसत नाही. नाव राहिलं.

आमच्या क्षेत्रात तर सगळं वाणसामानच आहे. मनगटातलं 'पिसिफॉर्म' हाड म्हणजे वाटाण्यासारखं. 'सेसमॉइड' हाडं तिळासारखी, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कुठलं, तर गुडघ्याची वाटी! तीळ म्हणायचा की ताट? पडजिभेचं 'युव्हुला' म्हणजे लॅटिनमध्ये छोटं द्राक्ष.

आयुर्वेदात टॉन्सिलच्या सुजेला 'तुंडिकेरी' म्हणतात. रानकापसाच्या फळासारखी दिसते म्हणून, असं टीकाकार सांगतात. ज्याच्या अंगणात जे उगवतं त्याचं माप.

---

ऱ्हाइनकाठचा

जर्मनीतून पुष्टी. इथे टॉन्सिल म्हणजे 'मांडेल्न', निव्वळ बदाम. टॉन्सिल सुजले की 'मांडेलएन्टत्स्युंडुंग'. नाताळच्या बाजारात साखरेत घोळवलेले भाजके 'मांडेल्न' घेऊन लोक फिरत असतात आणि त्याच थंडीत निम्म्यांचे घशातले 'मांडेल्न' सुजलेले असतात. शब्द एकच, कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

---

खडूस

एवढा खटाटोप कशाला? 'बदामासारखे दाणे असलेला दगड' म्हणा, मोकळे व्हा. ग्रीक-लॅटिनचा मुलामा चढवला की साध्या गोष्टीचंही शास्त्र होतं, तेवढाच काय तो उपयोग. जर्मनांचं कुठे अडलं?

---

शंकासूर

माझ्या तीन बारीक शंका.
१. मूळव्याधीच्या इंग्रजी नावातही '-ऑइड' आहे. ती कशासारखी दिसते म्हणे?
२. चालुक्यांचं बदामी गाव बदामी रंगाच्या खडकामुळे असं गाइड सांगतात. खरं का?
३. खोकल्याची 'लॉझेंज' गोळी ही 'लौझ' म्हणजे बदामावरून का?

---

बोरूबहाद्दर

शंकासूर, क्रमाने घेतो.

हेमोरॉइडमधला शेवट फसवा आहे. तो 'एइदोस' वाला नाहीच. 'हाइमा' म्हणजे रक्त आणि पुढे वाहणे या अर्थाचं ग्रीक धातुरूप. 'रक्त वाहणारी', एवढंच. कशासारखी दिसते हा प्रश्न त्या शब्दाने विचारलेलाच नाही, आपणही नको.

बदामीचं जुनं नाव वातापी. अगस्ती ऋषींनी पचवलेला तो वातापी. वातापीचं झिजून बादामी झालं. रंगाची गोष्ट खडक बघून मागाहून सुचलेली.

लॉझेंजबाबत कोशकारांचं एकमत नाही. इंग्रजीत तो आधी शंकरपाळ्याच्या आकाराला म्हणत आणि त्या आकाराच्या औषधी वड्यांना ते नाव नंतर मिळालं. जुन्या फ्रेंच 'लोझांज' पर्यंत सगळे एकत्र जातात, पुढे फाटे फुटतात. काही जण अरबी 'लौझिनज' या बदामाच्या मिठाईकडे बोट दाखवतात, काही जण फरशीच्या दगडाकडे. आपल्या काजुकतलीचा आकार पाहता पहिला तर्क मला आवडतो, पण आवडणं हा पुरावा नव्हे.

---

कातळकडा

खडूसराव, तुमच्याशी वाद घालावाच लागेल, कारण मुद्दा नावाच्या थाटाचा नाही.

'अमिग्डलॉइडल' आता आकार सांगतच नाही. पूर्ण गोल बुडबुडा खनिजाने भरलेला असला तरी खडक अमिग्डलॉइडल. हातभर लांब नळीसारखा असला तरीही. आणि हुबेहूब बदामाच्या आकाराची पोकळी रिकामी असेल तर तो खडक अमिग्डलॉइडल नाही, व्हेसिक्युलर. म्हणजे आकारावरून निघालेलं विशेषण 'नंतर भरलं गेलं' ही घटना सांगायला लागलं आहे. 'बदामासारखे दाणे असलेला' असं मी अहवालात लिहिलं तर वाचणारा बदाम शोधत बसेल, आणि ज्या कातळात एकही बदाम दिसत नाही तो यादीतून गळेल.

त्या नळ्यांची गोष्ट वेगळीच आहे. प्रवाहाच्या तळाशी बोटभर उंचीच्या उभ्या नळ्या ओळीने असतात, वरच्या टोकाशी एकाच दिशेला कललेल्या. लाव्हा त्या बाजूला सरकत होता. खडकाच्या त्या वीतभर पट्टीवरून ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ओघळाची दिशा काढता येते. त्यांनाही आम्ही 'पाइप अमिग्ड्यूल' म्हणतो. नळीच्या आकाराचा बदाम! शब्दशः घेतलं तर हसू येईल, पण प्रत्यक्ष कातळापाशी उभा असलेला कुठलाही भूशास्त्रज्ञ ते ऐकून हसत नाही.

नाडीपरीक्षाताईंच्या मेंदूतल्या अमिग्डलाचं तेच झालंय बघा. आकार मागे पडला, नाव कामाला लागलं. जर्मन 'मांडेलश्टाइन' मध्ये हा प्रवास कठीण, कारण तिथे बदाम प्रत्येक वेळी समोर येऊन उभा राहतो. ग्रीक शब्दाचा अर्थ इंग्रजी कानाला ऐकूच येत नाही, म्हणून तो मोकळेपणाने सरकला.

---

खडूस

हे मान्य. म्हणजे न कळणं हाच त्या शब्दाचा गुण म्हणा की. आमच्या ऑफिसातल्या परिपत्रकांनाही हाच नियम लावतो.

---

मोटकरी

तुमचं ग्रीक चालू द्या. आमच्या भागात विहीर खोदताना वरून माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि मग काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे हाच तुमचा ठिपक्याठिपक्यांचा सच्छिद्र दगड. पाषाणाला सुरुंग लागतो, मांजऱ्या त्या मानाने पहारीला दाद देतो. पाणी कुठे लागणार याचा अंदाज जुनी माणसं या थरांवरूनच बांधत. कुणी भूशास्त्राचं मराठी पुस्तक लिहिणार असेल तर शब्द तयार आहे, नवा घडवायची गरज नाही.

---

बोरूबहाद्दर

मोटकरी, लाख बोललात. याला जोड म्हणून इंग्लंडातला एक शब्द देतो. डर्बीशरच्या शिशाच्या खाणीतले मजूर याच जातीच्या दगडाला 'टोडस्टोन' म्हणत. टोड म्हणजे भेक, खरबरीत अंगाचा बेडूक, आणि दगडावरचे ठिपके त्याच्या कातडीसारखे. दुसरं मत असं की शब्द जर्मन 'टोट' म्हणजे मेलेला यावरून आला, कारण त्या थरात शिसं मिळत नसे, खाणवाल्याच्या दृष्टीने दगड मेलेलाच. म्हणजे पंडितांनी ग्रीक बदाम आणायच्या आधीपासून कामकऱ्यांनी आपलं नाव ठेवलेलं होतं. तिकडे बेडूक, इकडे मांजऱ्या.

---

किलवरची राणी

मग ठरलं. शेतकऱ्यासाठी मांजऱ्या, परीक्षेसाठी अमिग्डलॉइडल, आणि बदाम आमच्या पत्त्यांना परत द्या.

---

कातळकडा

मांजऱ्या मलाही मंजूर. फक्त एक अडचण: विहीरवाले रिकाम्या पोकळ्यांच्या आणि भरलेल्या, दोन्ही दगडांना मांजऱ्या म्हणतात. मला रोज वेगळे करावे लागतात. 'भरीव मांजऱ्या' आणि 'पोकळ मांजऱ्या' असं केलं तर चालेल काय?

---

मोटकरी

पोकळ म्हटलं की आमच्याकडे ठिसूळ समजतात. 'भरला मांजऱ्या' आणि 'रिता मांजऱ्या' म्हणा. भरली वांगी चालतात तर भरला दगड का नाही?

---

शंकासूर

शेवटची शंका, खरंच शेवटची. ट्रेकमध्ये घाटाच्या रस्त्याकडेला पडलेला एक तुकडा उचलून आणलाय. काळ्या दगडात नखाएवढे पांढरे दाणे. आतलं खनिज कुठलं ते घरी कळेल?

---

कातळकडा

बऱ्यापैकी कळेल. दाण्याने काचेच्या जुन्या बाटलीवर ओरखडा काढून बघा. सहज, खोल निघाला तर क्वार्ट्‌झ किंवा अकीक. नाही निघाला तर दाण्याची थोडी पूड करून त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट. दोन्हींत काहीच झालं नाही तर झिओलाइटची शक्यता जास्त, मग भिंगाखाली धरा. बारीक सुया एका बिंदूतून पसरलेल्या दिसल्या तर स्कोलेसाइट किंवा त्याचा भाऊबंद, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखं दिसलं तर स्टिल्बाइट. फोटो इथे टाकताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, माप कळतं. आणि लेण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या भिंतीतला दाणा मात्र कुणी उकरू नका, ती संरक्षित स्मारकं आहेत. रस्त्याच्या कडेला हवा तेवढा पडलेला असतो.